साध्या कपड्यातला मुजरा

कार्यक्रम संपला की ते आधी पगडी उतरवायचे, मग अंगरखा, मग कमरेचा शेला. तिन्हींच्या नीट घड्या घालून झाल्या की हॉलच्या मागच्या खोलीतली एखादी मोकळी भिंत शोधायचे आणि तिला पाठ लावून उभे राहायचे. टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. पूर्ण एक मिनिट, डोळे मिटून. आजूबाजूला केटररची माणसं पातेली ओढतायत, नवरीची आत्या हरवलेली पर्स शोधतेय, आणि हे गृहस्थ शिंप्याने मापाला उभे केल्यासारखे ताठ. मग डोळे उघडायचे आणि मला म्हणायचे, "झालो सरळ, सर. निघू या."

मला आधी वाटलं, कंबरदुखी असेल. बामाची बाटली पुढे केली, तर हसले.

"कंबर उत्तम आहे. वाकला तो पोशाख, सर. तो गेला बॅगेत. आता उरलो मी. मला सरळ राहायची सवय आहे."

त्यांचं नाव सांगत नाही. आमच्या धंद्यात कुणी घेतही नव्हतं. सगळे त्यांना चोपदार म्हणायचे. तुम्ही ठाणे-कल्याणच्या बाजूला गेल्या काही वर्षांत लग्नाला गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असणार. नवरा-नवरीच्या पुढे, हातात चंदेरी दंड घेऊन, अख्ख्या हॉलच्या काचा थरथरतील अशा आवाजात "आस्ते कदम" म्हणत चालणारा माणूस. जोडपं स्टेजवर पोचलं, भाड्याच्या सिंहासनावर बसलं, की हे तीन मुजरे करायचे. कमरेत वाकून उजवा हात पार जमिनीजवळ न्यायचे, तिथून कपाळापर्यंत आणायचे. तीनदा. आणि मग पाठ न दाखवता मागे सरत सरत स्टेजच्या पायऱ्या उतरायचे. पायऱ्या, मागे न बघता! मी एकदा रिकाम्या हॉलमध्ये करून पाहिलं आणि थेट तबल्यावर बसलो.

मी निवेदक. जिथे माईक आहे आणि हारतुरे आहेत, तिथे मी आहे. लग्न, मुंज, साठी, शाखेचं उद्घाटन, पाण्याच्या टाकीचं लोकार्पण. जॅकेट माझं एकच, विशेषणं मात्र प्रत्येकाला नवी. अकरा वर्षं चोपदार आणि मी एकाच डेकोरेटरशेठच्या यादीवर होतो. शेठचा फोन आला की काम, नाही आला की सुट्टी, इतकं सरळ.

चोपदार दिवसा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. बसखाली आडवं पडून नट आवळायचे. आवाज तिथेच कमावलेला. डेपोतल्या कामगारांच्या नाटकात त्यांना चोपदाराचं एका वाक्याचं काम मिळालं होतं. ते वाक्य त्यांनी असं टाकलं की राजाचं काम करणारा कारकून आपलं वाक्य विसरला. प्रेक्षकांत आमचे शेठ होते. तिथून ही सुरुवात.

पण ते आवाज कुठे आणि किती लावायचा याबाबतीत कडक. महाराजांच्या नावाची गारद नवरदेवासाठी द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता.

"ती महाराजांची आहे. जयंतीला देतो, पुतळ्यापुढे देतो. हा कोण? याला रिसेप्शनला स्वतःचा फेटा सांभाळता येत नाही."

मग नवरदेवांसाठी त्यांनी स्वतःची गारद रचली होती. "आस्ते कदम, आस्ते कदम! मानपाडानिवासी, मेकॅनिकल इंजिनिअर, टू बीएचकेपती, नाइट शिफ्ट-विजेते, मातोश्रींचे एकुलते एक..." एवढ्या गंभीरपणे म्हणायचे की नवरदेवाचे वडील छाती फुगवून उभे राहायचे, आणि मी माईक बाजूला करून खोकल्याचं नाटक करायचो.

एकदा मानपाड्याकडे एका जुन्या जमीनमालक घराण्यात लग्न होतं. नवऱ्याची आजी पुढच्या खुर्चीवर, नाकात भली मोठी नथ. चोपदार दुसऱ्या मुजऱ्याला वाकले, तोच ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "आरं बाला, किती वाकशील? ज्येवलास का नाय?" आणि तिसरा मुजरा होऊच दिला नाही. हाताला धरून पंगतीत नेलं, आपल्या शेजारी बसवलं. चोपदार ते जेवण बरीच वर्षं सांगत होते. पदार्थ एकही आठवत नव्हता, शेजारी कोण बसलं होतं ते आठवत होतं.

आणि तो जपानी साहेब! औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यातल्या इंजिनिअरचं लग्न. त्याचे जपानी वरिष्ठ, पिकल्या केसांचे, काळ्या सुटातले, पाकीट द्यायला नेमके सिंहासनाशेजारी उभे. चोपदारांनी नवरा-नवरीला मुजरा केला. साहेबांना वाटलं, आपल्यालाच. ते वाकले. चोपदारांना वाटलं, पाहुण्याने मान दिलाय, परत केला पाहिजे. ते वाकले. साहेब आणखी खाली वाकले. चोपदार त्याहून खाली. मी माईकवरून काही सुचवीन तर शप्पथ! मी आनंदाने बघत होतो. व्हिडिओवाला नवरीला सोडून यांच्याकडे वळला. सहा-सात वेळा झालं असेल. शेवटी नवरीची मावशी गुलाबजामची वाटी घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली, म्हणून सुटले.

त्या दिवशी चोपदार भिंतीला लागलेच नाहीत. खोलीत येऊन पगडी मांडीवर घेऊन बसले.

"सर, तो परत वाकला."

"त्यांच्यात तशी पद्धत आहे. एक वाकला की दुसऱ्याने वाकायचं. किती खाली, ते मानाप्रमाणे."

"म्हणजे मोठा माणूसही वाकतो?"

"कमी वाकतो, पण वाकतो."

"आणि राजा आहे का त्यांच्याकडे?"

"सम्राट आहे. त्याच्यापुढे सगळा देश वाकतो. पण भूकंपाबिकंपानंतर छावणीत जाऊन तोही लोकांसमोर गुडघे टेकून बसतो, असं वाचलंय."

मी फुशारून आणखी माल काढला. कुठल्या देशात राजापुढे जमिनीवर सरपटतात, कुठे बायका नुसता गुडघा दुमडतात. एखाद्या परदेशी इंजिनाची माहिती ऐकावी तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण मन पहिल्याच गोष्टीवर होतं. कोपरीला त्यांच्या चाळीपाशी गाडीतून उतरताना म्हणाले, "इतकी वर्षं वाकतोय, सर. समोरचा परत वाकला, असं आज पहिल्यांदा झालं."

मग वर चहाला बोलावलं. घर बौद्ध, हे मला आत गेल्यावर भिंतीवरच्या तसबिरींवरून कळलं. त्यांची मुलगी बाहेर आली, नर्सिंग शिकत होती. माझी एक सवय सांगतो, हसू नका. निवेदकाच्या रोज कुणी ना कुणी पाया पडतं, त्यामुळे तरुण पोर दिसलं की माझा उजवा पाय आपोआप अर्धी वीत पुढे सरकतो. तसा तो सरकला. ती समोर ताठ उभी राहिली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "जय भीम, काका. साखर किती?" मी पाय हळूच मागे घेतला. चोपदारांनी ते पाहिलं होतं. मिशीत हसले.

"आमच्या घरात बुद्धासमोर वाकतात, सर. पंचांग प्रणाम, कपाळ टेकून. बाकी कुणासमोर नाही. वडिलांचा नियम. माझे आजोबा गावात जोहार घालायचे. लांबून, जमिनीला हात लावून. समोर पाटलाचं पाच वर्षांचं पोर असलं, तरी. वडिलांनी लहानपणी ते पाहिलेलं. ठाण्याला आले आणि घराला दार बसवायच्या आधी हा नियम बसवला."

"आणि तुम्ही आठवड्यातून चारदा मुजरे करता!"

"ते नाटक आहे. नाटकात मेलेला नट घरी जाऊन जेवतो की नाही? वडील होते तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण पोशाख घातल्याशिवाय करू नकोस. आणि उतरवलास की आधी सरळ हो."

भिंतीचं कोडं त्या दिवशी सुटलं.

आता मला किळस येते ती गोष्ट सांगायला हवी. मी आनंदी माणूस आहे, किळस माझ्या प्रकृतीला मानवत नाही. पण तुम्हीही ते दृश्य कुठल्या ना कुठल्या मैदानावर पाहिलेलंच आहे, तेव्हा सोबत या.

डोंबिवलीच्या बाजूचं एक लॉन, आणि एका पुढाऱ्याच्या चिरंजीवांचा वाढदिवस. बॅनरवर त्यांना 'युवराज' लिहिलेलं, म्हणून आपणही तेच म्हणू. वय सत्तावीस-अठ्ठावीस. कर्तृत्व म्हणजे जन्म, आणि आज त्याचाच समारंभ. सकाळी अकराची वेळ. प्रवेशद्वारावर त्यांचाच वीस फुटी पुतळा पुठ्ठ्याचा, त्याच्या पायांवर दोघे जण कॅनने दूध ओततायत आणि त्या दुधावर माश्या. केक तलवारीने कापला. तलवारीला लागलेलं क्रीम एका नगरसेवकाने बोटाने पुसून खाल्लं. सिंहासन आमच्या शेठचंच, लाल मखमलीचं, दोन्ही हातांवर सोनेरी सिंह. त्यातल्या एका सिंहाचं नाक गेल्या हळदीत कुणीतरी तोडलेलं. युवराजांचा हात नेमका त्या नकट्या सिंहावर. पायांत मोज्यांशिवाय पांढरे बूट.

आणि त्या बुटांकडे रांग. साठीचे गृहस्थ, सोसायट्यांचे अध्यक्ष, डॉक्टर. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वाकता येईना, म्हणून नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन वाकले. युवराज मोबाइलमध्ये बघत होते. डाव्या हाताने त्यांनी मुख्याध्यापकांच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या. घरातल्या कुत्र्यालाही माणूस त्याच्याकडे बघून थोपटतो. आणि माईकवर मी! "वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेताना युवराज" असं बोलून गेलो. कोण कुणाच्या पाया पडतंय हे समोर दिसत असताना. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चोपदारांनी आपलं काम चोख केलं. महाराजांची गारद दिली नाही. युवराजांच्या माणसांनी मागितली होती, शेठने कशीबशी समजूत काढली. तीन मुजरे करून ते मागे सरत उतरले. मग मंडपामागच्या खोलीत पोशाखाच्या घड्या, पत्र्याची भिंत, एक मिनिट. "झालो सरळ, सर."

तेवढ्यात शेठ घाईघाईने आले. "चला, चला, दोघंही चला. बोलावलंय."

युवराज सिंहासनावरच होते. समोर त्यांचा रीलवाला कॅमेरा लावून तयार.

"हां, चोपदार. तो मुजरा परत मार. माझ्या क्लोजअपसाठी."

चोपदार म्हणाले, "पाच मिनिटं द्या, साहेब. पोशाख चढवून येतो."

"पोशाख नको ना यार. त्यात नाटक वाटतं. असाच कर, या शर्ट-पँटमध्ये. म्हणजे कसं, साधा माणूस रस्त्यात दिसला आणि वाकला. नॅचरल."

मी चोपदारांकडे पाहिलं. निळसर शर्ट, खिशाला पेन, डेपोतली काळी चप्पल. मला एकदम त्यांची ती चाळीतली खोली आठवली.

"पोशाखात सांगा, शंभर वेळा वाकतो. साध्या कपड्यात नाही जमणार."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. ज्या माणसाच्या आवाजाने काचा थरथरायच्या, तो इतकं हळू बोलला, की रीलवाल्याने "काय बोलले?" असं विचारलं.

युवराज हसले. "का, कंबर धरलीय का?"

"कंबर चांगली आहे, साहेब. म्हणूनच."

शेठच्या कपाळावर घाम फुटला. "अहो चोपदार, दोन सेकंदांचं काम आहे. का तमाशा करताय?" मागचे चार-पाच कार्यकर्ते पुढे सरकले. काही केलं नाही त्यांनी, फक्त जवळ येऊन उभे राहिले. पण एवढ्या जवळ कुणी उगाच उभं राहत नाही. एक जण म्हणाला, "ए, नाटकं नको. दादा बोलतायत ना?" चोपदार हलले नाहीत. पाठीमागे भिंत नव्हती, तरी तसेच उभे होते. टाचा जुळलेल्या, खांदे मागे.

आणि इथे तुमच्या या रंगील्या निवेदकाने उडी मारली.

"अहो युवराज! चोपदार काय, रोजचेच! निवेदकाचा मुजरा कधी पाहिलात?" म्हणत मी मधे शिरलो आणि वाकलो. कमरेतून. हात जमिनीजवळ, हात कपाळाशी. तीनदा. वर "आस्ते कदम"ही ठोकलं. कार्यकर्ते हसले, शेठ हसले, ताण निवळला. मला वाटलं, काय वाचवलं मी या माणसाला!

रीलवाला म्हणाला, "सर, अजून एकदा. मधे कुणाचा तरी हात आला."

मी अजून एकदा केला. आणि सांगायची लाज वाटते, पण दुसरा पहिल्यापेक्षा चांगला झाला. मागे सरलो तो पाठ न दाखवता सरलो. युवराजांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्याने मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! मुख्याध्यापकांचा तरी गुडघा दुखत होता. माझं काहीच दुखत नव्हतं.

परतताना गाडीत चोपदार मांडीवर बॅग घेऊन बसले होते. मी जोक करत होतो, ते हसत नव्हते. कोपरी आल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी केलंत, कळतं मला."

"अहो, त्यात काय एवढं!"

"पण आता ते म्हणतील, एवढा निवेदक माणूस वाकला, मग याला काय झालं? तुम्ही मधे आला नसतात, तर मला फार तर हाकलून दिलं असतं. आता मी माजलेला ठरणार."

दार लावताना थांबले. "घरी जाऊन भिंतीला उभे राहा, सर. एक मिनिट. बरं वाटतं."

घरी मी उभा राहिलो नाही. घरी बायको मोबाइल घेऊन बसली होती. रील सोसायटीच्या ग्रुपवर पोचलं होतं, खाली अंगठे आणि हार.

"कमरेत उसण भरली होती ना तुझ्या?" ती म्हणाली. "मागच्या रविवारी? गादी उन्हात टाकायला सांगितली तेव्हा?"

मी जॅकेट काढून खुंटीला लावलं. ती पुढे म्हणाली, "आणि जॅकेट तरी नीट करायचंस. वाकल्यावर मागून बनियन दिसतंय."

चोपदार म्हणाले होते तेच झालं, अगदी त्याच शब्दांत. आठवड्याने शेठ मला फोनवर सांगत होते, "तुमच्यासारखा शिकलेला माणूस वाकतो हो, आणि त्याला काय धाड भरली? माजलाय. मला त्या लोकांची लॉन्स सांभाळायचीत." यादीतून त्यांचं नाव गेलं. त्यांच्या जागी स्पीकरमधून वाजणारी तयार गारद आली, धुराचं मशीन आलं, आणि काळ्या टी-शर्टातले चार बाउन्सर. कुणीच वाकत नाही, धूर तेवढा खाली पसरतो.

मी शेठला काय म्हणालो? "बघा ना काही जमलं तर" असं म्हणालो. इतक्या मऊ आवाजात, की तोही एक मुजराच होता. आणि माझं नाव यादीवर राहिलं.

एकदा खोपटच्या डेपोत जाऊन त्यांना भेटलो. बसखालून पायच दिसत होते. हाक मारली तर घसरत बाहेर आले, तोंडाला ग्रीस. राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. कॅन्टीनमध्ये चहा पाजला, मुलीला नाशिकला नोकरी लागल्याचं सांगितलं. मग जरा वेळाने विचारलं, "मानपाड्याच्या त्या आजींकडे आता दुसऱ्या नातवाचं लग्न असेल नाही? कोण करतंय?"

"धुराचं मशीन," मी म्हणालो.

"त्याला काय, ती जेवलास का म्हणून विचारणार?" ते म्हणाले, आणि कप विसळायला उठले. त्या माणसाला स्टेज किती हवं होतं, ते मला तेव्हा त्यांच्या पाठीवरून कळलं. पाठ ताठ होती. कप मात्र फार वेळ विसळत होते.

निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे नाशिकला गेले. मला हे कळलं ते आमच्या वॉचमनकडून. "एक गृहस्थ ही बॅग देऊन गेले," तो म्हणाला. "मुलीकडे नाशिकला राहायला चाललेत. वर या म्हटलं, तर नको म्हणाले, गाडी चुकेल."

बॅग ओळखीची होती. वर पगडी, खाली शेला, त्याखाली अंगरखा. घड्या त्यांच्याच हातच्या. दंड वेगळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आणि डेपोच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर बॉलपेनने दोन ओळी.

"सर, पुन्हा वाकायची वेळ आली तर हे घालून वाका. डाव्या बाहीची जरीची किनार सुटते आहे, जपून."

फोन केला, लागला नाही. नंबर बदलला असेल. अजून मी तोच नंबर लावून पाहतो.

त्यानंतर मी वाकलो नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. दोनदा वाकलोय. दोन्ही वेळा साध्या कपड्यात. बॅग घरी कपाटात होती.

गेल्या रविवारी बायको बाहेर गेली होती, तेव्हा काढली. अंगरखा चढवला, शेला बांधला, पगडी ठेवली, आणि बेडरूमच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. टाचा, खांदे, डोकं. समोर कपाटाचा आरसा होता.

बाह्या माझ्या मनगटाच्या चांगल्या चार बोटं वर थांबल्या होत्या. खांद्यात शिवण ताणली होती. घेर गुडघ्याच्या खाली यायला हवा, तो वरच राहिला होता. मला वाटलं, धुऊन आटला असेल. पुन्हा खाली ओढून पाहिला. आटलेला नव्हता, त्यांच्या मापाचाच होता.

अकरा वर्षं शेजारी उभा राहूनही मला वाटत होतं, ते माझ्यापेक्षा उंच आहेत.